विमानाने का नाही गेलास?

एका सकाळी कॉफी मशीनपाशी नेहमीचा प्रश्न आला. "काय रे, वीकेंडला काय केलंस?"

"गोंदियाला जाऊन आलो. पक्षीनिरीक्षकांचं संमेलन होतं."

"गोंदिया? कसा गेलास?"

"ट्रेनने. महाराष्ट्र एक्स्प्रेस. स्लीपर."

यानंतर जी शांतता पसरली तशी शांतता आमच्या टीममध्ये फक्त प्रॉडक्शन सर्व्हर झोपल्यावर पसरते. मग एकाने मोबाइल काढला आणि हिशोब मांडला. पुणे ते गोंदिया साधारण वीस तास, येताना तेवढेच, म्हणजे चाळीस. त्याला माझ्या पगाराच्या तासाच्या दराने गुणलं. "अरे, एवढ्यात तू नागपूरला दोनदा विमानाने जाऊन आला असतास! विमानाने का नाही गेलास?"

तेव्हा मी हसून कॉफी घेतली आणि जागेवर जाऊन बसलो. पण दिवसभर डोक्यात तेच. प्रश्न साधाच आहे, पण त्यामागे जे गृहीत धरलंय ते मला पटत नाही. म्हणून हा शनिवार त्यावर खर्च करतोय. (याचाही तासाचा दर ज्याला काढायचाय त्याने काढावा.)

आधी हिशोबाचंच बघू.

विमान पुणे ते नागपूर दीड तासाच्या आसपास. पण हिंजवडीहून लोहगावला जायला संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये किती वेळ लागतो हे मी वाचकांना सांगायची गरज नाही. विमानतळावर दोन तास आधी पोचा, रांगेत उभे राहा, पट्टा काढा, पट्टा घाला. नागपूरला उतरलात की पुढे गोंदियाला जायला पुन्हा गाडी किंवा, गंमत म्हणजे, ट्रेनच. सगळं धरून आठ-नऊ तास होतात. ट्रेनचे वीस, त्यातले सात-आठ मी झोपलेला. तरीही विमान जिंकतं. मान्य. मी इंजिनिअर आहे, वजाबाकी मलाही येते.

पण त्या हिशोबात एक बग आहे. माझ्या तासाला जो दर लावला तो मला शनिवारी कोण देतं? ऑफिसात बसलो तर कंपनी देते. शनिवारी दुपारी मी सोफ्यावर पडून मोबाइल सरकवत असतो तेव्हा कोणी खात्यात पैसे टाकल्याचं मला आठवत नाही. विमानाने वाचवलेले दहा तास कुठल्या बँकेत जमा होतात? मी स्वतः पाहिलंय, ते येतात आणि त्याच रात्री रील्समध्ये बुडतात. आपला प्रत्येक तास विकाऊ आहे असं एकदा मानलं की छंद नावाची गोष्टच तोट्यात जाते. दोन तास चिखलात उभं राहून एक तुतारी बघायची आणि ती साधी तुतारी की ठिपकेवाली यावर अर्धा तास वाद घालायचा, याला कुठला दर लावणार?

आता मुद्दा दुसरा. संमेलनाला जायचं ते कशासाठी?

महाराष्ट्रात पक्षीमित्रांचं राज्य संमेलन १९८१ साली लोणावळ्यात सुरू झालं. तेव्हापासून पक्षी बघणारे लोक कुठल्या ना कुठल्या गावी जमत आलेत. मोठी संमेलनं असतात, तशी दीड-दोनशे लोकांची लहानही असतात. आमचं लहानातलं होतं. गोंदियाला जायचं कारण सारस. महाराष्ट्रात हा पक्षी आता जवळपास गोंदिया-भंडाऱ्याच्या पट्ट्यातच उरलाय, धानाची बांधी आणि जुने मालगुजारी तलाव यांच्या आधाराने.

तर महाराष्ट्र एक्स्प्रेस. कोल्हापूर ते गोंदिया, तेराशे किलोमीटरच्या वर अंतर आणि एवढा लांब जाऊनही ही गाडी राज्याबाहेर पाऊल टाकत नाही. रात्री पुण्यात चढलो तेव्हा माझ्या समोरच्या बर्थवर साताऱ्याहून आलेले एक निवृत्त शिक्षक होते. मी दुर्बिणीची पिशवी उशाला ठेवली ती त्यांनी बघितली. "संमेलनाला का?" म्हटलं, हो सर. "मग सकाळी जळगावच्या आधी उठा. खिडकी तुमची, वही माझी."

झालं. आमचं संमेलन तिथेच सुरू झालं, उद्घाटन आणि दीपप्रज्वलन वगळून.

ज्याने कधी केलं नाही त्याला सांगतो, दिवसाच्या गाडीची खिडकी ही पक्षी बघायला उत्तम जागा आहे. रुळांच्या बाजूने तारा, खांब, बाभळी आणि पाण्याची डबकी, आणि पक्ष्यांना गाडीची सवय झालेली. माणूस चालत आला तर उडणारा पक्षी गाडीकडे ढुंकून बघत नाही. खानदेशात केळीच्या बागा संपेपर्यंत कोतवाल आणि वेडे राघू मोजून आम्ही दमलो. शेगाव ते अकोला टप्प्यात दोन कापशी, एक खाटीक आणि तारेवर बसलेला नीलपंख. सर वहीत स्टेशनांची नावं डावीकडे आणि पक्षी उजवीकडे लिहीत होते. गेली अनेक वर्षं ते असंच लिहीत आलेत. "पूर्वी या टप्प्यात नीलपंख बोटं संपतील एवढे असायचे," ते म्हणाले आणि जुन्या वहीचं पान दाखवलं. त्यांची ही मोजणी शास्त्रशुद्ध नाही हे त्यांनीच आधी सांगितलं. पण एकाच मार्गावरून, एकाच खिडकीतून, एकाच ऋतूत केलेल्या नोंदी आहेत. तीस हजार फुटांवरून काढून दाखवा.

बडनेऱ्याला एक मावशी चढल्या. थोडा वेळ आमच्याकडे बघितलं आणि न राहवून विचारलं, "काय पाहून राहिले जी तुम्ही मघापासून?" सरांनी सांगितलं. "हा निळा? हा तर नीलकंठ. आमच्या वावरात बसते. फवारणी चालू झाली तशी कमी झाली पाखरं." मग त्यांनी कपाशीवर वर्षात किती फवारे मारावे लागतात, पूर्वी किती मारायचे आणि आता कोणते किडे दिसतच नाहीत हे सगळं वर्धा येईपर्यंत सांगितलं. दुसऱ्या दिवशी संमेलनात शेती आणि पक्षी यावर एक सादरीकरण झालं, सव्वीस स्लाइड्सचं. वाईट नव्हतं. पण त्यातलं निम्मं मला मावशींनी आधीच सांगितलं होतं, वर डब्यातली भाकरी दिली होती.

संमेलनाला विमानाने आलेलेही लोक होते. शनिवारी उद्घाटन आटोपल्यावर पोचले आणि रविवारी जेवण होताच "माझी फ्लाइट आहे" म्हणून उठले. त्यातल्या एका गृहस्थांनी हवामानबदल आणि पक्ष्यांचं स्थलांतर यावर कळकळीचं भाषण केलं. पट्टकादंब हिमालय ओलांडून आपल्याकडे हिवाळ्याला येतो, त्याचं वेळापत्रक कसं धोक्यात आहे वगैरे. हे सांगायला ते स्वतः पुण्याहून उडत आले आणि उडत गेले. विमानापेक्षा विजेवर चालणाऱ्या गाडीत माणशी धूर कितीतरी कमी, हे त्यांना माहीत नसेल असं नाही. पट्टकादंबाकडे ट्रेनचा पर्याय नाही. यांच्याकडे होता.

इथपर्यंत वाचून काही मंडळी खूश झाली असतील. "अहाहा, रेल्वेचा प्रवास! खिडकी, चहा, बदलणारी भाषा!" थांबा. माझं भांडण तुमच्याशीसुद्धा आहे. कारण अजून मी परतीचा प्रवास सांगितलेला नाही.

परतीची गाडी दुसरी होती. नाव देत नाही, कारण ही कुठलीही गाडी असू शकते. डब्यात बर्थ ऐंशी आणि माणसं सहज दीडशे. दोन बाकांच्या मध्ये खाली माणसं, दारात माणसं, वॉशबेसिनखाली एक बाई तान्हं बाळ घेऊन बसलेली. माझ्या कन्फर्म बर्थवर तिघे. मी पहिल्यांदा काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी आवाज चढवून म्हणालो, "हा रिझर्वेशनचा डबा आहे." त्यातल्या एका माझ्याच वयाच्या मुलाने काही न बोलता खिशातून तिकीट काढून दाखवलं. वेटिंग. खिडकीवर रांग लावून, पूर्ण पैसे भरून काढलेलं. वेटिंगच्या तिकिटावर या डब्यात बसता येत नाही हा नियम मला पाठ होता. पुण्यात दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचंय, हे त्याला पाठ होतं. जनरलच्या दोन डब्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. मी सरकलो. तो रात्रभर माझ्या पायांशी बसून आला.

मध्यरात्रीनंतर संडासातलं पाणी संपलं. पुढचं काही वर्णन करत नाही.

मी १३९ ला फोन लावला, मग रेलमदतवर तक्रार टाकली. डबा नंबर, फोटो, सगळं नीट. पुढच्या मोठ्या स्टेशनवर पाइप लावून पाणी भरलं गेलं. खरं सांगतो, मलाच आश्चर्य वाटलं. त्याहून आश्चर्य पुढचं. डब्यात निदान शंभर जणांच्या हातात माझ्यासारखाच फोन होता आणि तक्रार कोणीच केली नव्हती. मी त्या मुलाला विचारलं, का नाही केलीस? तो म्हणाला, "सांगून काय होते साहेब? आणि माझ्याकडे तिकीटच वेटिंगचं. माझंच नाव लिहून घेतील."

हे वाक्य मला पुण्यापर्यंत चावत राहिलं.

अल्बर्ट हर्शमन नावाचा एक अर्थशास्त्रज्ञ होता. १९७० साली त्याने एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यातला प्रश्न असा की एखादी सेवा बिघडायला लागली तर लोक काय करतात? दोनच गोष्टी. एक तर सोडून जातात, नाहीतर आवाज उठवतात. आता गंमत बघा, त्याला हे सुचलं ते नायजेरियाच्या रेल्वेकडे बघून. उत्तर नायजेरियातला भुईमूग बाराशे-तेराशे किलोमीटरवरच्या बंदराला जायचा. एवढ्या अंतराला रेल्वेच स्वस्त पडायला हवी, तरी माल ट्रकने जायला लागला. पुस्तकी नियम म्हणतो की स्पर्धा आली की रेल्वे सुधारायला हवी. ती सुधारली नाही. का? कारण ट्रककडे आधी गेले ते नेमके तेच व्यापारी, जे राहिले असते तर सगळ्यात जास्त ओरडले असते. ओरडणारे गेले, रेल्वे सरकारी असल्याने बुडणार नव्हती, आणि उरले ते मुकाट्याने सोसणारे.

आता ही गोष्ट भुईमूग काढून आणि आपल्याला घालून पुन्हा वाचा.

आपण काय केलं? सरकारी शाळेतून आपण बाहेर पडलो आणि मग म्हणालो, बघा, सरकारी शाळा किती वाईट. शहर बसमधून उतरलो, टू-व्हीलर घेतली, मग कार घेतली आणि म्हणालो, बसला काही भवितव्य नाही. आता स्लीपरमधून उतरतोय. आधी थ्री टायर एसी, मग विमान. आपल्यामागे डब्यात कोण उरलं, त्याच्या नळाला पाणी आहे का, हा आपला प्रश्नच राहिला नाही. गेल्या काही वर्षांत बऱ्याच गाड्यांचे स्लीपर डबे काढून तिथे एसी डबे जोडले गेले. आपल्यापैकी किती जणांच्या हे लक्षात आलं? मला त्या रात्रीपर्यंत आलं नव्हतं.

आणि आवाज उठवल्याने काही होत नाही असं कृपया म्हणू नका. गांधी १९१५ साली आफ्रिकेतून परतल्यावर देशभर तिसऱ्या वर्गाने फिरले आणि १९१७ साली त्या डब्यांतल्या घाणीवर आणि गर्दीवर त्यांनी सविस्तर लिहिलं. बॅरिस्टर होते, पहिल्या वर्गाचं तिकीट त्यांना परवडलं असतं. पण डब्यात बसल्याशिवाय डब्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही हे त्यांना कळत होतं. १९७७ साली आपले मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. राजापूरचे खासदार, पेशाने भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. तोवर दुसऱ्या वर्गात रात्रभर लाकडी फळीवर झोपावं लागे. दंडवत्यांनी त्या फळीवर दोन इंचांचा फोम घातला. पहिला वर्ग खाली आणण्यापेक्षा दुसरा वर्ग वर उचलावा, असा त्यांचा विचार होता. आज स्लीपरमध्ये पाठ टेकणारा प्रत्येक माणूस त्या दोन इंचांवर झोपतो, त्याला नाव माहीत असो वा नसो.

आता येणारे आक्षेप.

"अरे, पण आता वंदे भारत आहे की." आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूर-पुणे सुरू झाली, ८८१ किलोमीटर बारा तासांत. चांगली गाडी आहे, माझा राग नाही. पण ती दिवसा बसून जायची गाडी आहे आणि तिचं तिकीट माझ्या पायाशी बसलेल्या मुलासाठी नाही. त्याच्यासाठी अमृत भारत या बिनाएसी गाड्या डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाल्या, तेही खरं. पण आपल्या ग्रुपवर वंदे भारतचे किती व्हिडिओ आले आणि अमृत भारतचे किती, आठवून बघा. जे आपण बघतो, त्याबद्दल आपण बोलतो. जे आपण बोलतो, ते सरकारला ऐकू येतं.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे आणि तो मला माझ्याच बहिणीने घातला. "दादा, तुला विमान परवडतं. तू स्लीपरचा बर्थ घेतलास म्हणजे कोणाचं तरी तिकीट वेटिंगला गेलं. ही कसली समाजसेवा?"

याला माझ्याकडे सफाईदार उत्तर नाही. ती बरोबर आहे. त्या दिवशीच्या त्या गाडीपुरतं बघितलं तर मी एका माणसाची जागा खाल्ली. पण माझ्यासारखे सगळे उठून गेले तर ती जागा त्याला मिळत नाही, ती जागाच नाहीशी होते. उद्या स्लीपरचा आणखी एक डबा निघतो आणि कोणी चौकशीही करत नाही. म्हणून बसायचं असेल तर एका अटीवर बसायचं. बघायचं, सरकायचं आणि तक्रार करायची. माझा बर्थ माझ्या बापाचा नाही, आणि तक्रारीसाठी लागणारी निर्भयता मला जन्माने आणि नोकरीने फुकट मिळालीय. वेटिंगवाल्याला ती नाही. ती त्याच्यासाठी वापरली नाही तर माझा प्रवास म्हणजे नुसती सहल.

तिसरा आक्षेप, "आम्हाला सुट्टी नाही." हा खरा आहे. घरी लहान मूल असेल, आईवडील आजारी असतील, तर विमानाने जा, बिनधास्त जा. मी कोणाला उपास धरायला सांगत नाही. पण वर्षातून एकदा, स्वतःच्या हौसेसाठी जाताना, निदान एका बाजूने? ट्रेक असो, बुद्धिबळाची स्पर्धा असो की तिकिटं जमवणाऱ्यांचं प्रदर्शन. हौसेला जाताना घाई कसली असते, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

रविवारी संध्याकाळी सारस दिसले. दोन मोठे आणि एक पिल्लू, धानाच्या कापलेल्या बांधीत. विमानवाले तोवर नागपूरच्या रस्त्याला लागले होते. सारसाची जोडी आपली जागा सहजासहजी सोडत नाही. यावरून काही तात्पर्य काढणार होतो, पण सर म्हणाले, पक्ष्यांना तात्पर्य नसतं, नोंद कर. तीन सारस, वेळ पाच वाजून दहा मिनिटं. केली.

असो. पुढचं संमेलन ठरलंय. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ पर्यंत एकशेवीस दिवस आधी उघडायचं. सकाळी आठचा अलार्म लावून ठेवलाय. खिडकी माझी, वही सरांची. तिसरा बर्थ रिकामा आहे, ऑफिसातल्या त्या हिशोबवाल्याला विचारलंय. अजून नाही म्हणालेला नाही.